पासपोर्टवरची शेवटची तारीख आणि प्रवासाची खरी मुदत

"पासपोर्ट १२ मार्चपर्यंत आहे. आम्ही जानेवारीत दुबईला जाऊन आठवड्यात परत येणार. मग काही अडचण नाही ना?" वाचकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. कधी दुबईच्या जागी बाली असते, कधी सिंगापूर-मलेशियाची सहल, तर कधी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आई-वडील. प्रश्न अगदी रास्त आहे, कारण सरकारने दिलेल्या कागदावर जी तारीख छापली आहे त्या तारखेपर्यंत तो चालणार, असेच कोणीही धरून चालेल. पण वरच्या प्रश्नाचे उत्तर "अडचण आहे" असेच आहे. संयुक्त अरब अमिरातीत उतरता त्या दिवशी तुमच्या पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. जानेवारीपासून १२ मार्चपर्यंत जेमतेम दोन महिने उरतात. अशा प्रवाशाला मुंबईच्या विमानतळावरच थांबवले जाते.

पासपोर्ट भारताचा असला, तरी त्याची किती मुदत शिल्लक हवी हे तुम्ही जाणार तो देश ठरवतो. पाहुणा आजारी पडला, विमान चुकले किंवा मुक्काम लांबला, तर त्याच्याकडे परत जाण्यासाठी वैध कागद असावा, एवढाच त्या देशाचा हेतू असतो. म्हणून तिकीट काढण्याआधीच पासपोर्टची शेवटची तारीख आणि त्या देशाचा नियम एकमेकांशी ताडून पाहा.

चूक कुठे उघडकीला येते?

ज्या देशाचा व्हिसा आधी काढावा लागतो, तिथे पासपोर्टची मुदत अर्जाच्या वेळीच तपासली जाते. युरोपचा व्हिसा मागायला गेलात आणि मुदत कमी असली, तर अर्ज अडतो. मनस्ताप होतो, पण तो घरी बसून होतो आणि पासपोर्ट बदलून घ्यायला बहुधा वेळही असतो. खरा धोका व्हिसामुक्त किंवा उतरल्यावर व्हिसा देणाऱ्या देशांच्या बाबतीत असतो. तिकीट काढले, हॉटेल ठरवले, कोणीही पासपोर्ट मागितला नाही, म्हणजे सगळे ठीक आहे असे वाटते. मग मध्यरात्री विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर पासपोर्ट पहिल्यांदाच कोणीतरी नीट पाहते.

तिथला कर्मचारी तुमच्या फोटोच्या पानावरच्या तळातल्या दोन ओळी यंत्राखाली धरतो. त्या ओळींतच तुमची जन्मतारीख आणि पासपोर्टची शेवटची तारीख असते. विमान कंपन्या प्रत्येक देशाचे प्रवेशाचे नियम 'टिमॅटिक' नावाच्या माहितीसाठ्यात पाहतात. त्यात "सहा महिने हवेत" असे असेल आणि तुमच्याकडे पाच महिने वीस दिवस असतील, तर बोर्डिंग पास मिळत नाही. इथे विनवणी करून उपयोग नसतो. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला, तर अनेक देश विमान कंपनीला दंड करतात आणि त्या प्रवाशाला परत आणण्याचा खर्चही तिच्यावरच टाकतात. म्हणून कर्मचारी स्वतःच्या अधिकारात सवलत देत नाही.

मोजायचे कोणत्या दिवसापासून?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'सहा महिने' हा आकडा बहुतेकांना ठाऊक असतो, पण तो कुठून मोजायचा हे विचारले जात नाही. आज अर्ज करतो आहोत त्या दिवसापासून? मुंबईहून निघू तेव्हापासून? देशानुसार उत्तर बदलते.

- उतरण्याच्या दिवसापासून सहा महिने: संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, इंडोनेशिया, श्रीलंका. ५ नोव्हेंबर २०२६ ला बालीत उतरणार असाल, तर पासपोर्ट निदान ५ मे २०२७ पर्यंत हवा.
- त्या देशातून निघताना सहा महिने: सिंगापूर. मलेशिया आणि सिंगापूर एकाच सहलीत असतील, तर कडक नियम आणि नंतरचा दिवस धरून हिशेब करा.
- निघण्याच्या दिवसानंतर तीन महिने: शेंगेन गटातले युरोपीय देश, म्हणजे फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड वगैरे. ३० मे रोजी पॅरिसहून परत निघणार असाल, तर पासपोर्ट ३० ऑगस्टपर्यंत किंवा त्यापुढे हवा. शिवाय तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत.
- मुक्काम संपेपर्यंत वैध असला तरी पुरे: ब्रिटन आणि जपान. अमेरिकेचा मूळ नियम सहा महिन्यांचा आहे, पण त्यातून सूट दिलेल्या देशांत भारताचे नाव आहे.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी शेवटच्या ओळीवर निर्धास्त होऊ नये. आत सोडताना तिथला अधिकारी मुक्कामाची मुदत ठरवतो. तिची नोंद 'आय-९४' या ऑनलाइन दाखल्यावर होते आणि ती पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच दिली जाऊ शकते. आईला सहा महिने राहायचे आहे आणि पासपोर्टचे चारच महिने उरले आहेत, तर चार महिन्यांत परतावे लागेल अशी नोंद होऊ शकते. तिथे नोकरी करणाऱ्या मुलामुलींचेही हेच होते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा कागद तीन वर्षांचा असतो, पण पासपोर्ट वर्षभराचाच उरला म्हणून आय-९४ वर्षाची मिळते. ही गोष्ट लक्षात न आल्याने अनेकांचा मुक्काम नकळत बेकायदा ठरतो. अमेरिकेत उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सीमाशुल्क खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःची आय-९४ उघडून तारीख पाहा.

कैलास-मानसरोवर यात्रेची अट वेगळ्या तऱ्हेने मोजतात. परराष्ट्र मंत्रालयामार्फत जाणाऱ्या यात्रेकरूचा पासपोर्ट त्या वर्षाच्या १ सप्टेंबरला किमान सहा महिने शिल्लक असलेला हवा, मग तुमची तुकडी जूनमध्ये निघो की ऑगस्टमध्ये.

नेपाळ आणि भूतानला भारतीयांना पासपोर्टशिवायही जाता येते, निवडणूक ओळखपत्र चालते. विमानाने जाणार असाल तर फक्त आधारकार्डाच्या भरवशावर विमानतळ गाठू नका.

नियम बदलत राहतात. म्हणून ही यादी वाचून झाली तरी तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाचे किंवा इमिग्रेशन खात्याचे संकेतस्थळ उघडून खात्री करा. 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरही तपासता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी, शेजाऱ्यांचा गेल्या वर्षीचा अनुभव किंवा टूर कंपनीच्या प्रतिनिधीचे "होऊन जातं हो" यांवर एवढा खर्च लावू नका.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर देश कोणताही असो, परतीच्या तारखेनंतर सहा महिने उरत नसतील तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या. दोहा किंवा सिंगापूरला विमान बदलायचे असले आणि दोन्ही टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढली असली, तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करण्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागू शकतो आणि मग तिथलाही नियम लागू होतो. सहा महिन्यांचा पल्ला हातात असला की हे सारे प्रश्न सुटतात.

मुलांचे पासपोर्ट आधी काढून पाहा

घरातल्या चौघांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले, म्हणजे चौघांची मुदत एकच असेल असे गृहीत धरले जाते. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. अठरा वर्षांखालच्या मुलाचा पाच वर्षांचा किंवा अठरावा वाढदिवस येईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढाच. २०२१ च्या डिसेंबरात सगळ्यांचे पासपोर्ट निघाले असतील, तर आई-बाबांचे २०३१ पर्यंत चालतात, पण आठ वर्षांच्या मुलीचा २०२६ च्या डिसेंबरात संपतो. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत दुबईचा बेत केला, तर अडते ती मुलगीच, आणि तिच्यामुळे सगळे घर.

- पंधरा ते अठरा या वयातल्या मुलांसाठी पूर्ण दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. त्याचे शुल्क प्रौढांइतके असते. परदेशी शिकायला जायचा विचार असेल, तर हाच पर्याय घ्या.
- तान्हेपणी काढलेला फोटो चार वर्षांच्या मुलाशी जुळत नाही. मुदत असली तरी ओळख पटायला त्रास होऊ शकतो. जन्मदाखल्याची प्रत सोबत ठेवा.
- १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून तो बाळाच्या नावासह घेऊन ठेवा.

तारीख ठीक असली तरी अडवू शकणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट कोऱ्या पानांची. व्हिसा चिकटवायला आणि शिक्के मारायला सलग कोरी पाने लागतात. शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे आणि पत्ता असतो, त्यावर व्हिसा लागत नाही, म्हणून मोजताना ते पान सोडून द्या. वारंवार प्रवास करणाऱ्यांनी ३६ ऐवजी ६० पानांचा पासपोर्ट मागावा. पाने संपल्याच्या कारणावरूनही, मुदत बाकी असताना, नवा पासपोर्ट मिळतो.

दुसरी गोष्ट पासपोर्टच्या अवस्थेची. भिजलेला, शिवण उसवलेला, फोटोच्या पानाचा पापुद्रा सुटलेला किंवा मुलाने पेनाने रेघोट्या ओढलेला पासपोर्ट काउंटरवर नाकारला जाऊ शकतो. पर्यटनस्थळी हौसेने मारून मिळणारे आठवणीचे शिक्के पासपोर्टवर घेऊ नका, वहीत घ्या. आणि जुना प्रवास कोणाला कळू नये म्हणून पान फाडण्याचा विचार तर मनातही आणू नका. मुंबई विमानतळावर अशा प्रकरणांत गुन्हे दाखल झालेले आहेत.

तिसरी गोष्ट नावाची, आणि आपल्याकडे ती फार घडते. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. पासपोर्टवर पहिले दोन भाग एकाच रकान्यात येतात. तिकीट मात्र नाव आणि आडनाव एवढ्यावरच काढले जाते, किंवा आजीच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव असते आणि तिकिटावर सासरचे. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. काही ज्येष्ठांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाला मनाई केली आहे. तसा पासपोर्ट घरात असेल, तर मुदत शिल्लक असली तरी नाव पूर्ण करून घ्या.

आणखी एक शंका हल्ली बरीच विचारली जाते. चिप असलेले ई-पासपोर्ट आता मिळू लागले आहेत, म्हणजे जुने बाद झाले का? नाही. हातात असलेला पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत वैध आहे. केवळ चिपसाठी तो बदलण्याची गरज नाही.

नवा पासपोर्ट कधी आणि कसा?

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. बोलताना आपण 'रिन्यू' म्हणतो, अर्जात मात्र 'री-इश्यू' हा पर्याय निवडायचा असतो. जुन्या पासपोर्टची उरलेली मुदत नव्यात जोडली जात नाही. त्यामुळे काही जण "आठ महिने वाया का घालवायचे?" म्हणून थांबतात. तसे करू नका. त्या आठ महिन्यांतले शेवटचे सहा बहुतेक देशांसाठी तसेही उपयोगाचे नसतात.

१. परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा 'एमपासपोर्ट सेवा' अ‍ॅपवर नोंदणी करा. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असाच असतो. हुबेहूब दिसणारी आणि जादा पैसे घेणारी बनावट संकेतस्थळे आहेत.

२. शुल्क ऑनलाइन भरा. प्रौढांसाठी ३६ पानांचे १,५०० रुपये, ६० पानांचे २,००० रुपये, लहान मुलांसाठी १,००० रुपये. तत्काळसाठी आणखी २,००० रुपये लागतात आणि ते केंद्रावर भरायचे असतात. पासपोर्ट हरवला किंवा खराब झाला असेल, तर ३६ पानांसाठी ३,००० रुपये पडतात.

३. जवळच्या पासपोर्ट सेवा केंद्राची किंवा टपाल कार्यालयातल्या केंद्राची वेळ घ्या. जिल्ह्याच्या गावातल्या टपाल केंद्रात कधी कधी मुंबई-पुण्यापेक्षा लवकरची तारीख मिळते, म्हणून दोन्ही पाहा.

४. मूळ पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि झेरॉक्स प्रती घेऊन जा. अर्ज मंजूर झाला की जुन्या पासपोर्टवर 'रद्द' असा शिक्का बसतो आणि तो तुम्हाला परत मिळतो.

५. पोलिस पडताळणी लागली, तर फोन उचला आणि सांगितलेल्या वेळी हजर राहा. अर्जात तोच पत्ता द्या जिथे तुम्ही खरोखर राहता. नोकरीसाठी पुण्यात राहायचे आणि पत्ता गावाकडचा द्यायचा, यात पडताळणी अडकते आणि महिने जातात.

चौथ्या पायरीवर एक इशारा. जुना पासपोर्ट रद्द झाल्यावर नवा येईपर्यंत तुमच्या हातात प्रवासाचा कागद नसतो. पुढच्या पंधरवड्यात कामासाठी परदेशी जायचे असेल, तर अर्जाची वेळ त्यानंतरची घ्या. आणि तत्काळ म्हणजे हमी नव्हे. प्रत्येक अर्ज तत्काळमध्ये बसत नाही. नावात मोठा बदल करायचा असेल, तर नेहमीच्याच मार्गाने जावे लागते.

जुन्या पासपोर्टावरचा व्हिसा

अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात असेल, तर तो वाया जात नाही. दोन्ही पासपोर्ट सोबत न्या, व्हिसाचे पान मात्र शाबूत हवे. इतर देशांच्या चिकटवलेल्या व्हिसाबाबत त्या त्या दूतावासाला लेखी विचारा.

ऑनलाइन मिळालेल्या व्हिसाची गोष्ट निराळी. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा किंवा ब्रिटनचा ई-व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. नवा पासपोर्ट आला की क्रमांक बदलतो, म्हणून तुमच्या ऑनलाइन खात्यात नवा तपशील भरावा लागतो. श्रीलंकेची ऑनलाइन परवानगी किंवा व्हिएतनामचा ई-व्हिसा जुन्या क्रमांकावर काढला असेल, तर नवा काढावा लागेल असे धरून चला. विमान कंपनीकडच्या बुकिंगमध्ये आणि प्रवास विम्यातही नवा क्रमांक कळवा.

काउंटरवर अडवले तर तुमचे हक्क

आधी शांतपणे कारण विचारा आणि ते लेखी मागा. कर्मचाऱ्याचा नियम चुकीचा वाटत असेल, तर वरिष्ठाला बोलावून टिमॅटिकमधली नोंद दाखवायला सांगा. जपानला निघालेल्या प्रवाशाला "सहा महिने नाहीत" म्हणून अडवले गेले, तर हरकत घेणे योग्यच आहे. दूतावासाच्या पानाची छापील प्रत सोबत असेल, तर बोलणे सोपे जाते.

- जागेपेक्षा जास्त तिकिटे विकल्यामुळे विमानात घेतले नाही, तर विमान कंपनीकडून भरपाई मिळते. पासपोर्टची मुदत खरोखरच कमी असल्यामुळे नाकारले, तर ती मिळत नाही.
- तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असले, तरी न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत करणे भारतात विमान कंपन्यांना बंधनकारक आहे. ते मागितल्याशिवाय अनेकदा मिळत नाही, म्हणून लेखी मागा.
- नियम तुमच्या बाजूने असताना अडवले, किंवा टूर कंपनीने पासपोर्टच्या प्रती घेऊनही मुदतीबद्दल सांगितले नाही, तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. मग विमानसेवेसाठी 'एअरसेवा' पोर्टल, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, असे मार्ग आहेत. बोर्डिंग नाकारल्याचा कागद, तिकीट, पैसे भरल्याच्या पावत्या आणि संदेश जपून ठेवा.

परदेशात असताना मुदत संपत आली तर

भारतीय नागरिकाला मायदेशी परतताना सहा महिन्यांची अट नसते, पासपोर्ट त्या दिवशी वैध असला की पुरते. मात्र वाटेत तिसऱ्या देशात उतरणार असाल, तर तिथली अट लागू होईल. मुक्काम लांबणार असेल, तर तिथल्या भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. पासपोर्ट हरवला आणि तातडीने परतायचे असेल, तर दूतावास 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देतो. त्यावर फक्त भारतात परत येता येते, पुढचा प्रवास करता येत नाही.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांनाही हे कळवा. भारताचा व्हिसा घेऊन येणाऱ्यांच्या पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. 'ओसीआय' कार्ड असलेल्यांना व्हिसा लागत नाही, पण वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक वेळी आणि पन्नाशीनंतर एकदा, नवा पासपोर्ट काढला, की त्याची प्रत आणि नवा फोटो तीन महिन्यांत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावा लागतो. विशीआधी कार्ड काढलेल्यांनी विशीनंतर पहिल्यांदा पासपोर्ट बदलला, की कार्डही एकदा नव्याने काढावे लागते. लग्नाकार्यासाठी येणाऱ्या नातवंडांच्या बाबतीत हे हमखास राहून जाते, म्हणून तारीख ठरली की पहिल्या फोनवरच त्यांच्या पासपोर्टची मुदत विचारा.